‘रेकॉर्ड प्रोड्यूसर’ला मराठीत काय म्हणावं? (‘उत्पादक’ सोडून सांगा)

धुऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. अडलंय म्हणून विचारतो. आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो, चाळीसेक पानांचा, दारव्ह्याहून छापून आणतो. यंदा भाच्यानं हट्ट धरला की मॅक्स मार्टिनवर लेख पाहिजेच. हा भाचा कापसाच्या खोलीत भिंतींना बारदाना ठोकून लॅपटॉपवर गाणी करतो. वरातीची, जयंतीची, कोणी पैसे दिले तर निवडणुकीचीही. माझ्या वडिलांनी एकदा विचारलं, तू नेमकं करतोस काय? तर म्हणाला, ‘आबा, मी प्रोड्यूसर आहो.’ वडील म्हणाले, ‘कोन्त्या कंपनीचा? शेअर केवढ्याचा हाय?’ आमच्याकडे प्रोड्यूसर कंपनी म्हणजे शेतकऱ्यांची, तूर-सोयाबीनची. दुसरा प्रोड्यूसर गावाला माहीत नाही.

असो. लेखाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं: ‘मॅक्स मार्टिन हे स्वीडनचे प्रसिद्ध गीतकार व ध्वनिमुद्रिका-निर्माते.’ अंकाच्या संपादकांनी दोन शब्दांना लाल गोल केले. ‘निर्माते’पाशी लिहिलं, ‘पैसा यांचा होता काय?’ ‘गीतकार’पाशी लिहिलं, ‘मग चाल कोणाची?’ पहिल्याचं उत्तर, ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर, यांचीच. म्हणजे माझे दोन्ही शब्द चुकले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा माणूस १९७१ चा, खरं नाव मार्टिन सांडबर्ग. आधी मेटल बँडमध्ये गायचा. स्टॉकहोमच्या एका स्टुडिओत डेनिझ पॉप नावाच्या डीजेच्या हाताखाली शिकला, मॅक्स मार्टिन हे नावही त्यानंच ठेवलेलं. डेनिझ १९९८ साली ३५ व्या वर्षी कॅन्सरनं गेला आणि त्याच साली या शिष्यानं केलेलं ब्रिटनी स्पिअर्सचं पहिलं गाणं आलं. तेव्हापासून आजवर गाणं लिहिणारा म्हणून याची पंचवीसहून जास्त गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलीत. बॅकस्ट्रीट बॉइज, केटी पेरी, टेलर स्विफ्ट, द वीकेंड, सगळ्यांमागे हाच. चेहरा मात्र कोणाला ठाऊक नाही. तर शब्द सांगा. अंक आठ दिवसांत जायचा आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
प्रोड्यूसरच लिहा न भाऊ. काहून डोकं खाजवून राह्यले?

शुद्धलेखनवाला:
‘प्रोड्यूसर’ लिहून मोकळं होणं हा आळस आहे. ‘ध्वनिमुद्रिका’ हा चांगला घडवलेला शब्द, पण इथे चुकीचा, कारण मुद्रिका म्हणजे तबकडी. तबकडी कारखान्यात तयार होते, तिचा निर्माता कारखानदार. ‘ध्वनिशिल्पी’ घ्या. किंवा ‘नादकर्मी’.

बोंडअळी:
नादकर्मी. आमच्याकडं ‘त्याले नाद हाय’ म्हणलं का लोक पोरगी देत नाहीत.

निवृत्त_मास्तर:
‘निर्माता’ इतक्या लवकर टाकून देऊ नका. निर् + मा. ‘मा’ धातूचा अर्थ मोजणे, मापणे. माप, परिमाण, प्रमाण सगळे त्याच घरचे. म्हणजे निर्माता हा मुळात मोजून-मापून काढणारा. पैसा गुंतवणारा हा अर्थ सिनेमानं चिकटवला.
तुमचा हा स्वीडनचा माणूस तर अक्षरशः मोजणारा आहे, असं मी वाचलंय. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जितकी अक्षरं तितकीच दुसऱ्या अर्ध्यात, एक इकडची तिकडे होऊ देत नाही. त्याला ते ‘मेलॉडिक मॅथ’ म्हणतात. आपल्याकडे मोठ्या अभंगाचा हिशेब ६-६-६-४ असा. शाळेत मी बोटांवर मोजायला लावायचो. पोरं अभंग विसरली, मोजणं लक्षात आहे.

पांढरं_सोनं:
मी नागपूरला स्टुडिओत कामाला आहे, गाव वणीकडचं. आधी काम काय असतं ते पाहा, मग नाव ठेवा. गायक एक गाणं दहादा गातो. त्या दहातून ओळ-ओळ, कधी कधी अक्षर-अक्षर उचलून एक गाणं शिवायचं. दुसरं कडवं लांबलं तर कापायचं. ढोल कधी येईल, बेस कुठे थांबेल, शेवटच्या मुखड्याआधी सगळं बंद करून एक मात्रा रिकामी सोडायची का, हे ठरवायचं. आणि गायिकेला सांगायचं, ‘ताई, इथं रडू नका, नुसतं बोला.’ मॅक्स मार्टिन तर डेमो, म्हणजे गायकाला ऐकवायचा कच्चा नमुना, स्वतः गातो. मोठमोठ्या गायिकांना तो डेमो ऐकून श्वाससुद्धा तिथंच घ्यावा लागतो.
हे निर्मात्याचं काम नाही. संगीतकाराचंही पूर्ण नाही. आपल्याकडं ‘संगीत संयोजक’ असायचे, अनिल मोहिले वगैरे. वाद्यांची बांधणी ते करत. पण गायिकेला रडू नका सांगायचा मान त्यांना नव्हता, तो संगीतकाराचा.

झाडीतला:
आमच्या झाडीपट्टीत हिशेब सोपा. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्या आहेत. दिवाळी झाली की मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, अन् रात्रभर नाटकं. कंपनीचा मालक तो निर्माता, बोर्डावर फोटो त्याचाच सगळ्यांत मोठा. गाणं मात्र ऑर्गनवाला बसवतो. नटाला सूर सापडला नाही तर ऑर्गनवालाच पट्टी उतरवतो, चालू प्रयोगात. तुमच्या मॅक्स मार्टिनला आम्ही ऑर्गन मास्तर म्हणू. गीतकार-बितकार त्याच्यापुढं उभा राहत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
मंग लिहा ‘स्वीडनचे सुप्रसिद्ध ऑर्गन मास्तर’. पोट्टा खुश.

धुऱ्यावरचा:
भाचा खूश नाही झाला. म्हणतो, ऑर्गन वाजवत नाही तो.

रानशीळ:
मी मेहकरची. तुम्ही सगळे स्वीडनला पळालात. आपल्याकडच्या माणसाचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. कवी ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरचे. त्यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ज्यांनी गायली ते जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत गेले आणि कित्येक वर्षं दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करवून घेत राहिले. मोठे मोठे खाँसाहेब आणि बुवा त्यांच्यासमोर बसले. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. दोन तास राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत ‘झालं’ म्हणायला लावायचं, आणि त्यांना राग येऊ द्यायचा नाही. याला मराठीत काय म्हणत होते? मला वाटतं काहीच म्हणत नव्हते. ‘एचएमव्हीतले जोशी’ म्हणत असतील.

वरचं ‘करवून घेत’ मी मुद्दाम लिहिलं. मराठीत त्यासाठी क्रियापद आहेच. गाणे, गाववणे. प्रयोजक रूप.

निवृत्त_मास्तर:
वा! ताई, तुम्ही शब्द दिलात. प्रयोजक. दुसऱ्याकडून क्रिया करवून घेणारा तो प्रयोजक, व्याकरणातच आहे. ‘ध्वनिप्रयोजक’ किंवा ‘गीतप्रयोजक’. प्रोड्यूसरशी उच्चारही जुळतो.

शुद्धलेखनवाला:
उत्तम. याला माझं पूर्ण अनुमोदन. (अशी वेळ क्वचित येते.)

बोंडअळी:
आणि छापताना एक काना जास्त पडला की ‘प्रायोजक’. मग बियाण्याच्या कंपनीची जाहिरात आणि मॅक्स मार्टिन एकाच पानावर. आमच्या गणपतीत प्रायोजक म्हणजे ज्यानं मंडपाचे पैसे दिले तो. परत तोच लाल गोल: ‘पैसा यांचा होता काय?’

धुऱ्यावरचा:
हे खरं आहे. आमचा कंपोझिटर काना-मात्रा उदार हातानं देतो.
बरं, प्रयोजक बाजूला ठेवू. ‘गीतकार’चं काय? इंग्रजीत गाणं लिहिणारा म्हणजे शब्द अन् चाल दोन्ही. आपल्याकडे गीतकार फक्त शब्दांचा. आणि हा माणूस उलटा, चाल आधी, शब्द मागून, तेही तोंडात बसतील ते.

निवृत्त_मास्तर:
‘वाग्गेयकार’. संगीतरत्नाकरात आहे, तेराव्या शतकातला शब्द. वाक् आणि गेय दोन्ही रचणारा.

वऱ्हाडी_ठेचा:
सर, आमच्या गावात वाग्गेयकार म्हणलं तर लोक वांगेकार ऐकतीन अन् भरताची ऑर्डर देतीन.

झाडीतला:
शाहीर म्हणा. खडी गंमतीचा शाहीर शब्दही त्याचेच अन् तर्जही त्याचीच.

शुद्धलेखनवाला:
‘तर्ज’ कशाला? ‘चाल’ आहे ना. शिवाय तर्ज हा तर्जनीवरून आलेला शब्द, बोटानं ताल दाखवण्यावरून, त्याचा अर्थ चाल होतच नाही.

निवृत्त_मास्तर:
तर्जनीवरून नाही हो. अरबी. रीत, ढंग असा अर्थ, फारसीतून उर्दू-हिंदीत आणि तिथून आपल्याकडे. तर्जनी संस्कृत ‘तर्ज्’ वरून, धाक दाखवणारं बोट. दोघांचा संबंध नाही. राष्ट्रसंतांच्या हिंदी भजनांच्या पुस्तकांत वर ‘तर्ज’ असं छापून खाली जुन्या गाण्याची ओळ दिलेली असते. मोझरीच्या आसपासचं पोर खंजिरीबरोबर तो शब्द शिकतं.

शुद्धलेखनवाला:
लोक शिकतात म्हणून शब्द मराठी होत नाही.

रानशीळ:
मग कसा होतो, तेही सांगा.

शुद्धलेखनवाला:
हा वेगळा विषय आहे. वेगळा धागा काढा.

पांढरं_सोनं:
वर कोणी लिहिलं ना, शब्द तोंडात बसतील ते, त्यावरून एक मजा. १९९८ च्या त्या ब्रिटनीच्या गाण्यात ‘हिट मी’ असे दोन शब्द आहेत. मॅक्स मार्टिनला वाटत होतं की अमेरिकन पोरं ‘मला फोन कर’ या अर्थानं तसं म्हणतात. इंग्रजीत ते ‘मला मार’ होतं. कंपनीवाले घाबरले, गाण्याच्या नावातून ते दोन शब्द काढून तिथं तीन टिंबं ठेवली. गाण्यात मात्र राहिले, कारण सूर त्यांच्यावरच उभा होता. त्याआधी हे गाणं टीएलसी या मुलींच्या ग्रुपला दिलं होतं, त्यांनी नको म्हटलं.

वऱ्हाडी_ठेचा:
याच्यात चुकलं काय? आपण बी म्हणतोच न, ‘घरी पोचला का मले फोन मारजो’. मिस कॉल बी मारतेच. तो माणूस स्वीडनचा नाही, आर्णीकडचा हाय.

निवृत्त_मास्तर:
हसू नका, मुद्दा बरोबर आहे. मराठीत ‘मारणे’ला मार बसतच नाही कित्येकदा. चक्कर मारणे, गप्पा मारणे, उडी मारणे, शीळ मारणे.

रानशीळ:
शीळ घालतात. मारत नाहीत. ना. घं.च्या गावात तरी मारू नका.

झाडीतला:
आमच्याकडं शिटी मारतात.

बोंडअळी:
अन् खेड्यात ळ चा य होते, म्हणजे शीळ ची शीय. रानारानांत गेली बाई शीय. बसत नाही चालीत?

रानशीळ:
चालीत बसते. कानात बसत नाही.

शुद्धलेखनवाला:
‘फोन मारणे’ ही हिंदीची उसनवारी आहे. ‘दूरध्वनी करणे’ किंवा निदान ‘फोन करणे’.

वऱ्हाडी_ठेचा:
सर, तुम्ही घरी ‘दूरध्वनी केला व्हता’ म्हणता का? खरं सांगा.

शुद्धलेखनवाला:
मी लेखनाबद्दल बोलतो आहे.

पांढरं_सोनं:
मूळ प्रश्नावर या मंडळी. माझं मत ‘संगीत प्रोड्यूसर’. रेकॉर्ड नको, कारण तालुक्याच्या गावी रेकॉर्ड म्हणजे सातबारा. भूमी अभिलेखचं ऑफिस आठवतं.

निवृत्त_मास्तर:
जाता जाता: रेकॉर्ड हा लॅटिन शब्द. त्यातला ‘कोर’ म्हणजे हृदय. पुन्हा मनात आणणं, आठवणं हा मूळ अर्थ. सातबाराही एका अर्थी आठवणच, कोणाचं शेत होतं याची.

बोंडअळी:
आमच्या सातबाऱ्यावर बँकेची आठवण हाय.

धुऱ्यावरचा:
सगळ्यांचे आभार. संपादकांना ‘गीतप्रयोजक’ दाखवला. ते म्हणाले, खालती कंसात अर्थ द्या. अर्थ लिहायला घेतला तर चार ओळी झाल्या अन् त्या चार ओळींत ‘प्रोड्यूसर’ दोनदा आला. शेवटी त्यांनीच लिहिलं, ‘स्वीडनचे गाणी करणारे मॅक्स मार्टिन’. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘हेच तर मी सांगतो सगळ्यायले. मी गाणे करतो.’ वडिलांनी विचारलं, ‘मंग प्रोड्यूसर कोन?’ त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

रानशीळ:
‘गाणी करणे’ मध्ये गाणं म्हणणंही येतं ना? संदिग्ध आहे.

झाडीतला:
येऊ द्या. हा डेमो गातोच म्हणे.

कपाशीची_पऱ्हाटी:
उशिरा आले, सगळं वाचलं नाही. वर ‘मारजो’ लिहिलंय ते मुलाला म्हणायचं की मोठ्या माणसाला? आमच्या सासूबाई अकोल्याच्या, त्या मला ‘येजो’ म्हणतात आणि मला दर वेळी वाटतं की रागावल्या.

वऱ्हाडी_ठेचा:
एकेरी हाय ताई, मायेचं. मोठ्यायले ‘येजा’. राग आला तर त्या ‘ये’ म्हणतीन, ‘जो’ लावणार नाहीत.

शुद्धलेखनवाला:
हे ‘येईजे’, ‘करिजे’ या जुन्या मराठी रूपांवरून आलं असणार. ज्ञानेश्वरीत तशी रूपं आहेत.

निवृत्त_मास्तर:
ते कर्मणि आहे आणि हे आज्ञार्थी. पण थांबा, गुजरातीतही ‘आवजो’ आहे. पुस्तक काढून बघतो, उद्या लिहितो.