नॉकनारेच्या राणीला दगड वाहायचा की नाही?

डोंगरवेडी:
आयर्लंडच्या पश्चिमेला स्लायगोजवळ नॉकनारे नावाचा डोंगर आहे, उंची ३२७ मीटर. माथ्यावर दगडांचा अवाढव्य ढीग, साधारण ५५ मीटर रुंद नि १० मीटर उंच. लोक सांगतात आत आयरिश दंतकथांमधली, कॉनॉट प्रांताची राणी मेव्ह पुरलीय, तीही उभी, हातात भाला आणि तोंड शेजारच्या अल्स्टर प्रांतातल्या शत्रूंकडे. पायथ्याचा एक दगड वर नेऊन तिच्या ढिगावर ठेवायचा अशी प्रथा आहे. माझ्या मते ही प्रथा आता थांबलीच पाहिजे. दगड ठेवायच्या नावाखाली लोक सरळ ढिगावर चढतात, चढू नका सांगितलं तरी, मग पायाखालचे दगड सुटून घरंगळतात. आत बहुधा ५००० वर्षांपूर्वीचं थडगं आहे, आणि ते आजवर नीट उकरलेलंच नाही!

पश्चिमवारा:
अजिबात पटलं नाही. अहो, मुळात तो ढीग शाबूत राहिला तो कुणामुळे? तिथला दगड घरी नेला तर वाईट होतं, ही भीती पिढ्यानपिढ्या लोकांच्या मनात आहे, सरकारी पाट्या तर कालपरवाच्या. मेव्हला बाजूला काढा, मग त्या दगडांकडे कोण बघणारे?

डोंगरवेडी:
पण मेव्ह आणि हे दगड यांचा काळच जुळत नाही ना. तिच्या कथा लोहयुगातल्या मानल्या जातात, जुनी हस्तलिखितं १२व्या शतकाच्या आसपासची, आणि ढीग त्या लोहयुगाच्याही हजारो वर्षं आधीचा. शिवाय रॉसकॉमन परगण्यातल्या रॅथक्रोअनचे लोकही म्हणतात राणी आमच्याकडे पुरलीय.

पश्चिमवारा:
असू दे की. दोन गावं एका राणीवर हक्क सांगतात याचाच अर्थ ती लोकांना हवीय. कुणी रचलं ते विसरलं गेलं तरी इथे कुणीतरी मोठं माणूस आहे एवढं खालच्या शेतकऱ्यांनी धरून ठेवलं, हे मला कुठल्याही तारखेपेक्षा मोलाचं वाटतं. दगड घेऊन चढणारी आजी नासधूस करत नाही, ती पाया पडायला जाते.

सह्यभटक्या:
भावना कळते दादा, पण गडाच्या भिंतीवर नाव कोरणाराही प्रेमानेच कोरतो आणि आपण त्याला रागावतोच की. हे आणि स्लायगो भागातली अशीच इतर प्राचीन थडगी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, थोडी शिस्त लागणारच.

पश्चिमवारा:
मग ढिगावर चढू नका, कडेला ठेवा दगड. प्रथा कशाला मारायची?

डोंगरवेडी:
कडेलाही नको, कारण डोंगर चुनखडीचा आणि ढीगही त्याच चुनखडीचा. आज ठेवलेला दगड दोनचार पावसाळ्यांनी तिथलाच दिसायला लागणार, उद्या कुणी अभ्यासाला आलं तर मूळ कडा कुठे होती हे ओळखणार कसं? मेव्हची गोष्ट मुलांना वर नेऊन जरूर सांगा, मीही सांगते, फक्त हात रिकामे ठेवा.