मदत हवी आहे: दुपारी दीडला गारच खावा लागणारा डबा, स्वस्तात आणि पौष्टिक

सात_दहाची_लोकल

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत मी आणि धाकटा भाऊ असे दोघंच राहतो. आईबाबा गावी. भाऊ कॉलेजात, मी अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्सला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. साडेसहाला डबा भरून तयार लागतो आणि तो उघडतो दुपारी दीडला. गरम करायची सोय नाही म्हटलं तरी चालेल. मायक्रोवेव्ह आहे, पण वरच्या मजल्यावर, आणि तिथल्या रांगेतच जेवायची सुट्टी संपते.

आतापर्यंत कसंबसं निभावलं. पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या, नाहीतर पोळी-जॅम, उठायला उशीर झाला तर खालचा वडापाव. मध्यंतरी पुलाचा जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, दुपारी जेवता काय? सांगितलं. ते म्हणाले, गोळ्यांचं मी बघतो, डब्याचं तुम्ही बघा.

अडचणी अशा: दोघांच्या डब्याला मिळून दिवसाचे ८०-९० रुपये, त्यावर परवडत नाही. दोन शेगड्या, छोटा कुकर, मिक्सर, जुना फ्रीज. सकाळी पाऊण तास हातात असतो. रात्री घरी यायला साडेआठ, तेव्हा ओट्यापाशी उभं राहायचं त्राण नसतं. रविवार मोकळा. अंडी, मासे चालतात. मटण-चिकन घरी करत नाही.

उसळी नेल्या की दुपारपर्यंत आंबूस वास येतो, विशेषतः आता उन्हाळ्यात. पोळ्या वातड होतात. रस्सा तर नकोच, मटकीचा रस्सा बॅगेत सांडून व्हाउचरच्या फायलीला अजून मसाल्याचा वास आहे.

ओट्स, किनवा, अवोकाडो सोडून काहीही सुचवा.

भाजणी

आधी वासाचं. वाफ निघत असलेली भाजी डब्यात कोंबून झाकण लावतेस ना? ती वाफ झाकणाला धरते, तिचं पाणी परत भाजीत ठिबकतं आणि मग ते सगळं ओलंकोमट गाठोडं बॅगेत तासन्‌तास. आंबेल नाहीतर काय! भाजी ताटात पसर, पंख्याखाली ठेव, तोवर आंघोळ उरक. पूर्ण निवली की भर.

ओलं खोबरं पावसाळा सुरू होईपर्यंत विसर. दाण्याचं कूट किंवा भाजलेलं सुकं खोबरं. चिरलेला कच्चा कांदा-टोमॅटो वरून घालून नेऊ नकोस, काकडी-गाजर न चिरता अख्खं ने.

आता मटकी. सकाळी निघताना भिजत टाक, रात्री आलीस की उपसून फडक्यात बांध. उन्हाळ्यात एका रात्रीत बोटाच्या पेरापर्यंत मोड येतात. तेवढे नकोत, टोचा दिसला की पुरे, तेव्हा फडकं फ्रीजमध्ये टाकायचं. करताना तेलात मोहरी, हिंग, लसूण ठेचून, कढीपत्ता, मग मटकी. वर पाणी घालायचं नाही. ताटली झाकून त्या ताटलीत पाणी ओतायचं आणि मंद आचेवर शिजू द्यायचं. मटकी आपल्या वाफेवर मऊ होते, दाणा मोडत नाही आणि सांडायला थेंबभरही रस्सा राहत नाही. शेवटी गोडा मसाला, कूट, मीठ. याच पद्धतीने मूग, चवळी. चवळीला आधी कुकरची एक शिट्टी दे.

तात्या_सरबतवाले

बीट खा. रोज एक बीट, महिन्यात रक्त लालभडक. शिवाय खजूर आणि गूळ. आमच्या आजीने आयुष्यभर हेच केलं, नव्वदीपर्यंत कुणाचा हात धरावा लागला नाही तिला.

काचपट्टी

तात्या, बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं असं असतं तर कलिंगडानेही वाढलं असतं. बीट खावं, चांगलंच आहे, पण त्यात लोह फारसं नाही. खजूर-गुळाचंही तेच, चिमूट-चिमूट मिळतं आणि त्याबरोबर साखर मूठभर.

मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात म्हणून सांगते. बायकांना हिमोग्लोबिन निदान १२ लागतं. ९.४ वरून तिथे पोचायला एकटा डबा पुरणार नाही, तेव्हा गोळ्या मधेच सोडू नका. पुष्कळ जणी आकडा जरा वर आला की सोडतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रांगेत दिसतात. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळसर होते, घाबरायचं नाही. पाळीत फार जात असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आणि अंडी-मासे क्वचितच होत असतील तर बी१२ पण तपासून घ्या.

डब्यापुरतं बोलायचं तर कडधान्यं, डाळी, पालेभाज्या, तीळ, अळीव. यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची जोड लागते. म्हणून लिंबाची फोड, पेरू, आवळा, कच्ची ढोबळी मिरची, कैरी यांतलं काहीतरी जेवणासोबत. आणि मोडाचा फायदा हा की लोहाला अडवून धरणारा जो घटक कडधान्यात असतो तो भिजवून मोड आणल्याने कमी होतो.

जेवण झाल्यावर चहा किती वाजता घेता?

सात_दहाची_लोकल

जेवण संपायच्या आत येतो! दीडलाच चहावाला फिरतो आमच्याकडे. डबा उघडा आणि बाजूला कटिंग.

काचपट्टी

तो अडीच-तीनला ढकला. चहा-कॉफी जेवणासोबत घेतली की उसळीतलं बरंचसं लोह वाया जातं. या धाग्यात सगळ्यात स्वस्त सल्ला हाच, काही शिजवायचंही नाही.

बंदरावरचा

मासे चालतात म्हणालात ना? मग जवळा! तव्यावर कोरडा भाजा, कांदा, चार आमसुलं, तिखट. भाकरीबरोबर न्या, गार अजून छान लागतो. मासे-मटणातलं लोह अंगी जास्त लागतं असं डॉक्टरच सांगतात.

लेडीज_डबा

बंदरावरच्या भाऊ, तुम्ही सकाळच्या गर्दीत आमच्या डब्यात बसला नाहीत कधी. जवळ्याचा डबा घेऊन जी चढेल तिला दिवा स्टेशनलाच उतरवतील. रविवारी दुपारी घरी खा गं, खुशाल खा.

(भाऊ काय करतो घरात? विचारते आपली.)

सात_दहाची_लोकल

भाऊ कांदा चिरतो आणि त्यावर उपकार केल्यासारखा रडतो. पण प्रश्न रास्त आहे. पालेभाजी निवडायचं काम आजपासून त्याचं, त्याला हा धागा दाखवला आहे.

औराद_लातूर

भाऊ असेल तर धपाटे शिकवा त्याला. आमच्याकडे शेतात, प्रवासात तेच. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, कणीक अर्धी, बेसन अर्धी. मेथी बारीक चिरून जितकी मावेल तितकी, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, हळद, मीठ. ताक असेल तर ताकात भिजवा, मऊ राहतात. ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये भोकं पाडायची, फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवायचं. पहिली दोन-चार फाटतील, ती त्यानेच खावी. सोबत जवसाची किंवा कारळाची चटणी. भाजी नसली तरी चालतं आणि गार झाल्याचं काही वाटत नाही. नुसती भाकरी मात्र डब्यात नेऊ नका, दीडपर्यंत पत्रा होते.

भाजणी

धपाट्याला अनुमोदन. पोळ्या वातड होतात त्याचं कारण बहुतेक घट्ट कणीक. हाताला चिकटेल-न चिकटेल इतकी सैल मळ, चमचाभर तेल घाल, रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवलीस तर सकाळी आधी बाहेर काढून साधारण होऊ दे. आणि पोळ्या मोठ्या आचेवर पटपट. मंद तव्यावर रेंगाळली की पोळी वाळतेच. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, फॉइल नको.

रविवारी काय करशील ते सांगते. दोन चटण्या, एक दाण्याची आणि एक जवस किंवा तिळाची. काळे चणे किंवा छोले शनिवारी रात्री भिजवून रविवारी कुकरला, पाणी निथळून फ्रीजमध्ये, मंगळवार-बुधवारपर्यंत संपव. पालेभाजी निवडून, न धुता, कागदात गुंडाळून. लसूण सोलून डबीत. एवढं असलं की सकाळी फक्त फोडणी उरते. सोमवारी चणे परतून, मंगळवारी डाळमेथी किंवा मूगडाळ घातलेला पालक, बुधवारी अंड्याची कोरडी भुर्जी, मधे कधी पीठ पेरून ढोबळी मिरची नाहीतर कांद्याची पात. कंटाळा आला त्या दिवशी आदल्या रात्री भिजवलेल्या हिरव्या मुगाची धिरडी, दोन तव्यांवर वीस मिनिटांत उरकतात. काचऱ्या आठवड्यातून एकदा कर की, त्यांनी काय घोडं मारलंय.

हिशेबनीस

अकाउंट्सवाल्यांना आकडे दिल्याशिवाय पटायचं नाही म्हणून लिहितो. भाव आमच्या कल्याणच्या वाण्याचे, थोडं इकडेतिकडे होईल. मटकी १४० रुपये किलो धरली तर दोघांना शंभर ग्रॅम, १४ रुपये. भिजून ती दुप्पट-अडीचपट होते, म्हणजे दोन भरपूर वाट्या. माणशी दहा-बारा ग्रॅम प्रथिनं यातच आली. पोळ्यांची कणीक पाव किलो, ११-१२ रुपये. तेल, मसाला, कूट, गॅस मिळून १५ सोडा. लिंबू उन्हाळ्यात महाग, अर्धं अर्धं करा, ४ रुपये. दोन अख्ख्या काकड्या किंवा गाजरं, १५. पेरू एक, दोघांत, १०. सगळे मिळून ७०.

काळे चणे मटकीपेक्षाही स्वस्त. चार अंड्यांच्या दिवशी साधारण तीस रुपये त्यांनाच जातात, पण त्या दिवशी कडधान्य नाही म्हणजे फरक फार पडत नाही. भाजी संध्याकाळी परतताना स्टेशनबाहेर घ्या, आठनंतर पालेभाजीची जुडी भाव पाडून देतात. सुकं सगळं महिन्याचं एकदम भरा. अर्धा किलोच्या चकचकीत पुडीपेक्षा वाण्याकडचं सुटं बरं, फक्त मटकी घरी आणून निवडा, खडे असतात.

सात_दहाची_लोकल

सत्तर! वडापाव-चहा दोघांचा मिळून याच्या आसपास जातोच.

भाताचं कुणी बोललं नाही. भावाला भात लागतो आणि मलाही दहीभात आवडतो, पण दुपारपर्यंत तो इतका आंबट होतो की डोळे मिटावे लागतात.

लेडीज_डबा

दही घालूच नकोस. सकाळी ताजा भात मऊ शिजव, मीठ न घालता कोमट होऊ दे, भरपूर कोमट दूध ओत आणि एवढासाच चमचा दही विरजण म्हणून ढवळ. वरून फोडणी, कढीपत्ता, किसलेलं आलं. तुझ्या प्रवासात तो आपोआप लागतो आणि दीडला गोडसर, ताजा दहीभात तयार. मीठ पुडीत वेगळं ने, जेवताना घाल. डब्यात दोन बोटं जागा सोड, फुगतो.

फक्त भात सकाळचाच हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात डब्यात नको, त्याने पोट बिघडतं, फोडणी दिली तरी. आणि दही-दुधाने लोहाचं शोषण थोडं कमीच होतं म्हणतात, तेव्हा रोज नको, आठवड्यातून एक दिवस.

काचपट्टी

दह्यादुधाचं बरोबर आहे, पण एका दिवसाने बिघडत नाही काही. त्या दिवशी गोळी रात्रीची असेल तर प्रश्नच नाही.

सात_दहाची_लोकल

शेवटचं विचारते. लोखंडी कढईत भाजी केली की लोह मिळतं म्हणतात ते खरं का? घरी आईची आहे पण गावी. इथे घ्यायची तर कशी बघून घेऊ?

भाजणी

खरं आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल असलेलं काही शिजवलं की जास्त उतरतं. पण शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, कढईत राहिलं तर काळं पडतं आणि चव लोखंडाची लागते. तुझी मटकी कर तिच्यात, चणे कर.

घ्यायची तर भांड्यांच्या जुन्या दुकानात जा, वजनावर देतात. आतून रंग किंवा काळा लेप दिलेली नको. मध्यम, एका हाताने उचलता येईल अशी, नाहीतर सकाळच्या घाईत तू ती काढणारच नाहीस. आणलीस की घासून, तेल लावून तापव, पुसून टाक, असं दोन-तीनदा. पहिल्यांदा बटाट्याच्या साली परतून फेकून दे. रोज धुतल्यावर शेगडीवर कोरडी करून तेलाचा हात फिरव, गंज धरत नाही.

पण गावी जाणारच असशील तर विकत कशाला घेतेस, आईची आण. वापरलेली आहे, तयार असेल. आईला नवी घेऊन दे हवं तर.