धंद्याच्या साइटवर सोशल मीडियावरून गिऱ्हाईक येतं का? आपापले अनुभव सांगा

साताऱ्यात आमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. कांदा-लसूण मसाला कुटतानाचं रील इन्स्टावर टाकलं, ते ४०,००० जणांनी पाहिलं. त्या आठवड्यात साइटवर आले ११२ जण. ऑर्डरी ३, त्यातली एक माझ्या मावशीची. टाळ्या वाजवणारे वेगळे आणि दुकानाची पायरी चढणारे वेगळे, एवढं कळलं. पायरी चढवायची कशी ते इथे लिहा. क्लासातलं ज्ञान नको, हात पोळून शिकलेलं हवं.

देवगड, आंबा
ताई, साइटचा पत्ता रीलच्या कॅप्शनमध्येच लिहिला होतात ना? तो दाबला तरी उघडत नाही. मी एक अख्खा हंगाम तसाच घालवला. लिंक प्रोफाइलवर ठेवा आणि स्टोरीत स्टिकर लावा. पूर्वी स्टोरीत लिंक द्यायला १०,००० फॉलोअर लागायचे, ऑक्टोबर २०२१पासून सगळ्यांना देता येते.

आता आंब्याचं. मोहोराचे, बागेचे, ड्रोनने काढलेले व्हिडिओ खूप चालले. पण साइटवर माणूस आणला तो पडवीत बसून काढलेल्या एका साध्या व्हिडिओने: पेटीत कर्नाटकचा आंबा मिसळलाय का, हे कसं ओळखायचं. साल किती पातळ, कापल्यावर गर केशरी की नुसता पिवळा, वास कसा. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे त्यातले जिल्हे. ते सगळं साइटच्या एकाच पानावर लिहिलं आणि खाली डझनाचा भाव. एकदा फसलेलं गिऱ्हाईक असलं काही सापडलं की शेवटपर्यंत वाचतं. 'भाव काय?' विचारणाऱ्याला आधी मी 'इनबॉक्स बघा' म्हणायचो. कोणी बघायचं नाही. आता त्या पानाचीच लिंक पाठवतो. आढी लावतानाच्या व्हिडिओखाली मात्र निम्मे लोक अजून 'आजोळ आठवलं' एवढंच लिहितात. लिहू देत.

येवला, पैठणी
पिंटरेस्टचं नाव कोणी घेतलं नाही, म्हणून मी घेते. इन्स्टाची पोस्ट दोन दिवसांत शिळी होते. माझी दोन वर्षांपूर्वीची पिन (तिथली फोटोची पोस्ट) अजून साइटवर माणसं पाठवते. फोटोखाली 'सुंदर साडी' लिहू नका. बांगडी मोर, मुनिया, असावली, जी नक्षी असेल तिचं नाव घाला. लग्नाची साडी शोधणारी तेच टाइप करते.

गुहागर, होमस्टे
आमच्याकडे लोक लिंक दाबून यायचे आणि आल्या पावली परत. साइट करणाऱ्याने एकेक फोटो ६ एमबीचा ठेवलेला. आमच्याकडच्या रेंजमध्ये समुद्र दिसेपर्यंत पाहुणा पसार! फोटो हलके केले. मग कळलं, ॲडव्हान्स भरायचं पान ॲपच्या आतच उघडतं आणि आमचं यूपीआय तिथे अडकतं. आता बुकिंगचं बटण सरळ व्हॉट्सॲपवर नेतं.

कोल्हापूर, चपला
टिकटॉकवर आमचे ६०,००० फॉलोअर होते. कातडं कापणं, वेणी घालणं, वडिलांचा हातोडा, लोक नुसते बघत बसायचे. २९ जून २०२०ला बंदी आली. सकाळी दुकान उघडावं आणि समोरचा रस्ताच नसावा, तसं झालं. हाती राहिले ३४० नंबर, कागदावर पाऊल काढून साइटवर माप पाठवलेल्यांचे. त्या वर्षीची दिवाळी त्यांच्यावर निघाली. रील आता कुठेही टाकतो, पण मापाचा फॉर्म साइटवरच.

पुणे, जुनी पुस्तकं
मसालेवाल्या ताई, त्या ११२मधले 'डायरेक्ट' किती, म्हणजे कुठून आले ते साइटच्या मोजणीला कळलंच नाही असे? व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस बहुतेकदा त्याच खात्यात जमा होतो, आणि आपण श्रेय भलत्यालाच देतो. इन्स्टाच्या, स्टेटसच्या, ग्रुपच्या लिंकला वेगवेगळी यूटीएमची शेपटी (कोण कुठून आलं ते सांगणारी खूण) जोडा. आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर (एकच निरोप अनेकांना पाठवण्याच्या यादीवर) फार विसंबू नका, तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो.

(धागा काढणारी) पाहिलं. ११२पैकी ७१ डायरेक्ट! मावशीला फोन करून विचारलं, तुला साइट कुठे सापडली? "अगं, तूच नाही का घरच्या ग्रुपवर टाकलीस? मी पुढे भिशीच्या ग्रुपवर टाकली." उरलेल्या दोन ऑर्डरींचे पत्ते काढून बघितले. दोन्ही मावशीच्याच सोसायटीतले.