‘ट्रेट’ला ‘लक्षण’ म्हणायचं का?

कर्वेनगरकर: न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजे एनएफ-१, हा जनुकीय आजार असलेल्या बाळांच्या आईवडिलांसाठी चार पानी पत्रक मराठीत करतोय. गाडी अडलीय या मुलांत दिसू शकणाऱ्या ‘ऑटिझमच्या ट्रेट्स’वर, म्हणजे वागण्यातल्या वेगळेपणावर. ‘लक्षणे’ लिहिलं, तर बायको म्हणाली, “‘पोराची लक्षणं काही ठीक नाहीत’ म्हणतो ना आपण? वाचून आईचं धाबं दणाणेल.” ट्रेट दिसला म्हणजे निदान झालं, असं मूळ मजकुरात कुठेच म्हटलेलं नाही. मग काय लिहू?

नारायणपेठी: ‘गुणविशेष’. आणि ऑटिझम कशाला? ‘स्वमग्नता’ हा मराठी शब्द काय वाईट आहे? ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९१०-११च्या सुमारास शब्द काढला तो यावरूनच.

अनुची आई: ब्लॉयलर मोठ्या माणसांच्या स्किझोफ्रेनियाबद्दल बोलत होता हो. लहान मुलांच्या ऑटिझमवरचा डॉ. कॅनरचा लेख १९४३चा. आणि मग्न कसलं? माझ्या मुलाला एनएफ-१ आहे. आठ महिन्यांचा असताना कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकायचा, तिसरीला तितकाच, पाचवीलाही तितकाच. थोरली दुसरीनंतर मानसुद्धा वळवायची नाही. सासूबाई म्हणायच्या, “हा सरावत कसा नाही!” तोच तोच आवाज आला की मेंदू त्याला कमी कमी दाद देतो. बाळाला तारांची टोपी घालून ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखावर, हेच बघतात.

नारायणपेठी: त्याला ‘अभ्यस्तन’ म्हणावं.

कोथरूडची मावशी: म्हणा तुम्ही. सासूबाईंचं ‘सरावणं’ फुकटात मिळतंय ते घ्या की! ‘निर्ढावणं’ तेवढं नको, त्यात कोडगेपणा येतो.

भाषांतरवाला: ‘सेन्सरी’चं, म्हणजे ऐकणं, बघणं, स्पर्श वगैरे जाणिवांबद्दलच्या शब्दाचं, काय करताय? ‘संवेदनशील बाळ’ लिहिलंत तर लोक म्हणतील, गुणी आहे, कविता करेल. गंमत म्हणजे ‘वेदना’ मूळ ‘विद्’वरून, जाणणे. दुखण्यापुरती ती नंतर उरली.

कोथरूडची मावशी: पत्रकाला नाव द्या, ‘बाळाचे पाय पाळण्यात’.

अनुची आई: अजिबात नको. पाळण्यात दिसलेलं पुढे ऑटिझम ठरेलच असं नसतं, हेच तर सांगायचंय.

कर्वेनगरकर: ‘ऑटिझमच्या खुणा’ चालेल?

अनुची आई: घोटाळा होईल. एनएफ-१मध्ये अंगावर खरोखरच खुणा असतात, कॉफीच्या रंगाचे डाग. लहानपणी पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त असले की डॉक्टरांना शंका येते.

कोथरूडची मावशी: म्हणजे लासंच की! आमच्याकडे म्हणत, ग्रहणात भाजी चिरली की बाळाला लासं येतं.

अनुची आई: मलाही विचारलं होतं, विळी हातात घेतली होतीस का म्हणून. साधारण निम्म्या मुलांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, आईबापांकडून आलेलाच नसतो. हे पत्रकात ठळक छापा.

भाषांतरवाला: लासं की लासे? आमच्या कोकणात ‘लास’ म्हणतात.

नारायणपेठी: नपुंसकलिंगीच. लासं, अनेकवचन लाशी.

कोथरूडची मावशी: लाशी?! बाळंतिणीच्या पत्रकात?

कर्वेनगरकर: मंडळी, ट्रेट?

भाषांतरवाला: थांबा हो, आधी हे लिंग ठरू दे.