जुने संगणक सुरू व्हायला नेमका किती वेळ लागत असे?

प्रश्न: १९८० च्या दशकातले घरगुती संगणक बटण दाबताच सुरू होत, असे काही जण ठामपणे सांगतात, तर त्याच काळातल्या यंत्रापुढे कित्येक मिनिटे ताटकळावे लागे, असे सांगणारेही भेटतात. यांतले खरे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: दोन्ही खरे आहे. कमोडोर ६४ (१९८२) या यंत्रात बेसिक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा रॉम चिपमध्येच कायमची साठवलेली असल्यामुळे, मेमरीची तपासणी उरकून दोन-तीन सेकंदांत पडद्यावर ‘रेडी’ हा शब्द उमटत असे. मात्र काम तेव्हा कुठे सुरू होई! त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ४०० बाइट वाचत असल्याने ४० किलोबाइटचा प्रोग्रॅम लोड व्हायला दीड मिनिटाहून अधिक वेळ जाई, आणि कॅसेट तर त्याहूनही कितीतरी संथ होती.

उत्तर २: आयबीएम पीसीचा (१९८१) अनुभव याहून निराळा होता. वीज दिल्यावर तो आधी सगळी मेमरी तपासत असे, त्यामुळे मेमरी वाढवावी तसा हा वेळही वाढे. ६४० किलोबाइट बसवलेल्या यंत्रात ही तपासणीच एका मिनिटाहून अधिक चाले आणि त्यानंतर फ्लॉपीवरून डॉस ही यंत्र चालवणारी मूळ प्रणाली वाचली जाई. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून यंत्र पुन्हा सुरू केले की ही तपासणी वगळली जात असे, आणि ही सोय माझ्या मते फार मोलाची होती.

उत्तर ३: थोडे मागे गेल्यास अल्टेअर ८८०० (१९७५) पाहावा. रॉम नसलेल्या मूळ यंत्रात सुरुवातीचा छोटा लोडर (पुढचा प्रोग्रॅम मेमरीत आणणारा प्रोग्रॅम) दर्शनी भागावरच्या स्विचांनी एकेक बाइट करून भरावा लागे. नंतर टेलिटाइप या टंकयंत्रासारख्या उपकरणावरून सेकंदाला १० अक्षरे या वेगाने कागदी फीत वाचली जाई, म्हणजे ४ किलोबाइटच्या बेसिकला जवळजवळ सात मिनिटे लागत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वीज गेली की हे सारे पुन्हा करावे लागे का?

उत्तर ३: अल्टेअरमध्ये होय. मात्र त्याआधीच्या पीडीपी-८ (१९६५) मध्ये चुंबकीय कड्यांची कोअर मेमरी होती आणि तिच्यातला मजकूर वीज बंद झाल्यावरही टिकून राहत असे. त्यामुळे तो पुसला गेला नसेल, तर सुरुवातीचा पत्ता स्विचांवर लावून तोच प्रोग्रॅम लगेच चालवता येई.