नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक नाही

लालबागकर:
नमस्कार. माझी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ६१ हजार किलोमीटर झालेत, टायर १६५/८० आर १४. दर दुसऱ्या शनिवारी आईला घेऊन उरणला मामाकडे जाते. लालबाग, शिवडी, अटल सेतू, चिर्ले असा रस्ता.

शहरात गाडीबद्दल काहीच तक्रार नाही. सेतूवर वेग धरला की पंच्याऐंशीला स्टिअरिंग बारीक थरथरायला लागतं. नव्वदला तर कप होल्डरमधल्या बाटलीतल्या पाण्यावर गोल गोल कडी उमटतात. पंच्याण्णवच्या पुढे परत कमी होतं. सेतूवर कारला १०० ची मर्यादा आहे, त्यामुळे त्याच्या वर काय होतं ते पाहिलेलं नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, एकदा केलं. बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटे वेट लावून चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, दोन वेगळ्या दुकानांत दोनदा केलं. आता गॅरेजवाला म्हणतो, सस्पेन्शनचं खालचं सगळं काम काढावं लागेल, २२ हजार. खर्चाला ना नाही, पण नक्की काय बिघडलंय हे कोणी सांगत नाही. आईच्या मणक्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय, पाठीला उशी लावून मागे बसते. कारण कळेपर्यंत तिला गाडीत बसवायची माझी तयारी नाही.

रोजचा पनवेल:
इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, बघून घ्या. माझ्या गाडीत सिग्नलला एसी चालू असताना सगळा डॅशबोर्ड हलायचा. माउंटिंग बदललं आणि थांबलं.

शीवचे काका:
ताई, ते २२ हजार आत्ताच देऊ नका. मी शीवला टायरच्या दुकानात बॅलन्सिंग मशीनवर १९ वर्षं काढली आहेत. थरथर कुठून येते हे बहुतेक वेळा गाडीच सांगते, फक्त ती कधी येते आणि कुठे जाणवते ते नीट बघायला हवं.

वर माउंटिंगचं लिहिलंय ते त्यांच्या गाडीपुरतं बरोबर आहे. माउंटिंग गेलं की गाडी उभी असताना हलते, इंजिनाच्या आरपीएमप्रमाणे कमी-जास्त होते. तुमची वेगाला बांधलेली आहे. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी नव्वदला पाचव्याऐवजी चौथा गिअर ठेवून बघा. इंजिन जास्त फिरेल, चाकं तेवढीच फिरतील. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही, दोष चाकाकडे. काही जण न्यूट्रल करून बघायला सांगतात. सेतूवर ते करू नका, चौथ्या गिअरने काम होतं.

नव्वदलाच का, तेही सांगतो. तुमच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. गाडीच्या पुढच्या भागाचा स्वतःचा एक ठेका असतो. चाकाचा ठेका त्याला जुळला की थरथर वाढते, पुढे निघून गेला की मावळते. शिवाय रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर तो नव्वदला साडेतीन किलोच्या जोराने ओढतो, पंचेचाळीसला त्याच्या फक्त पाव पट. म्हणून शहरात काही कळत नाही.

अलाइनमेंटचा या थरथरीशी संबंध नाही. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. त्यावर पैसे घालवू नका.

आता बॅलन्सिंग. मशीन वजन बघतं, आकार बघत नाही. टायरच्या आतला पट्टा सुटून एका जागी उंचवटा आला किंवा खड्ड्यात आपटून रिम वाकली, तरी पाच-दहा ग्रॅमचे वेट ठोकून मशीनवर शून्य-शून्य येतं. शून्य आलं की मुलगा चाक उतरवतो. चाक गोल आहे की नाही हे स्क्रीन सांगत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखलसुद्धा हेच करतो. तो बॅलन्सिंगच्या आधी खरवडला नाही आणि नंतर गळून पडला, तर केलेलं काम वाया.

तुम्ही एकच करा. पुढची दोन चाकं मागे, मागची पुढे. मग एकट्याने फेरी मारा. स्टिअरिंग शांत झालं आणि थरथर सीटखाली आली, तर दोष त्या दोन चाकांतच आहे. स्टिअरिंग तसंच थरथरलं तर हब, डिस्क, बेअरिंग, एक्सल याकडे वळायचं.

अलीकडे गाडी कुठे जोरात आपटली होती का?

नेरूळची मावशी:
काका, मध्येच विचारते. माझी गाडी फक्त ब्रेक मारला की थरथरते, पाय उचलला की थांबते. हे पण टायरच का?

शीवचे काका:
नाही ताई, ती ब्रेकची डिस्क, पॅड जिला दाबून धरतं ती चाकाबरोबर फिरणारी तबकडी. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की पॅड मागे-पुढे होतं आणि पाय थरथरतो. पुढच्या डिस्क काढून मोजून घ्या. जाडी शिल्लक असेल तर लेथवर घासून मिळतात, कमीत कमी जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली असेल तर बदलाच, ब्रेकचं काम पुढे ढकलू नका.

आणि कोणाची गाडी फक्त रेस दिल्यावर थरथरत असेल, रेस सोडली की थांबत असेल, तर एक्सलचा आतला जॉइंट बघा. त्यावरचा बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटून ग्रीस उडालेलं बरेचदा नुसत्या नजरेला दिसतं.

लालबागकर:
काका, रविवारी पहाटे एकटी जाऊन आले. चौथ्या गिअरलाही थरथर तशीच होती. मग घरी येऊन, शेजारच्या दादाला मदतीला घेऊन, चाकं पुढची मागे केली. संध्याकाळी परत सेतूवर गेले. स्टिअरिंग शांत! पण पाठीखाली सीट हलायला लागली. आई नेमकी जिथे बसते, तिथे हात ठेवून बघायला कोणी नव्हतं, पण मला पुढेसुद्धा जाणवत होतं.

आपटण्याचं म्हणाल तर हो. जुलैमध्ये परळला रस्त्यावर पाणी होतं, त्याखालचा खड्डा दिसला नाही. पुढचं डावं चाक त्यात आपटलं होतं. हवा गेली नाही म्हणून मी विसरून गेले.

शीवचे काका:
मग पुढून मागे गेलेलं डावं चाक आधी काढा. टायरवाल्याला सांगा, मशीनवर चढव पण स्क्रीनकडे बघू नकोस, हाताने सावकाश फिरव. खडूचा तुकडा स्टँडवर टेकवून टायरच्या गोट्यांपासून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीपासून, एक-दोन मिलिमीटरवर स्थिर धरायचा. तसाच रिमच्या कडेजवळही धरून बघा. टायरच्या भिंतीवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचून कळवा.

पट्टा सुटलेला निघाला तर त्या टायरवर सेतूवर जाऊ नका. तसा टायर वेगात असताना फुटू शकतो. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तोपर्यंत ती लावा.

लालबागकर:
सापडलं!

रिमला खडू धरला तर सगळीकडे अंतर सारखं. टायरला धरला तर खडू एकाच जागी घासला. वीतभर पट्ट्यावर पांढरी रेघ उमटली, बाकी टायर कोरा. त्या जागी हात फिरवला तर खालून काहीतरी वर आलंय असं स्पष्ट लागलं, आणि आतल्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा होता. गाडीला लावलेला असताना ती बाजू दिसतच नाही. दुकानातला मुलगासुद्धा गप्प झाला. चार आकडे २६१८, म्हणजे गाडीबरोबर आलेलाच टायर. या टायरवर मी आईला घेऊन जुलैपासून जात होते, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

शीवचे काका:
२६१८ म्हणजे २०१८चा सव्विसावा आठवडा. रबराचं वयही झालंच होतं. एकच बदलू नका, त्या एक्सलवरचे दोन्ही एका मापाचे, एका बनावटीचे घ्या. बाकीचे दोन त्याच आठवड्याचे असतील तर तेही फार दिवस ठेवू नका. नट आडवे-उभे, समोरासमोरचे आवळून घ्या, एका ओळीने नाही. आणि शंभर किलोमीटरनंतर पाना लावून परत तपासा.

लालबागकर:
चारही बदलले. शनिवारी आईला घेऊन गेले, नव्वदला बाटलीतलं पाणी हललं नाही. चिर्ल्यापर्यंत आई झोपली होती, ऑपरेशननंतर गाडीत पहिल्यांदाच. परत आल्यावर नट तपासले. मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा अजून बसला.