'पीपल ऑफ कलर'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांसाठी पुस्तकांचा एक कप्पा लावतेय. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकन आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांनी लिहिलेली, त्यांच्याविषयीची पुस्तकं. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. पालकांसाठी मराठीत पत्रक काढायचंय. 'पीपल ऑफ कलर'ची पुस्तकं, त्यांचा प्रचार करू या, अशी पहिली ओळ हवीय आणि तिथेच अडलेय. 'कृष्णवर्णीय' म्हटलं तर बाकीचे सुटतात. 'रंगीत लोक' माझ्याने लिहवत नाही. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद

'रंगीत' नकोच. अमेरिकेत 'कलर्ड' हा शब्द १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या नावात अजून आहे, पण आज कुणाला तसं संबोधणं अपमानाचं ठरतं. दक्षिण आफ्रिकेत तर १९५०च्या कायद्याने 'कलर्ड' हा वेगळा गटच ठरवला होता. 'ऑफ कलर'ची जातकुळी निराळी. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३च्या वॉशिंग्टनच्या भाषणात 'सिटिझन्स ऑफ कलर' म्हटलं, त्यात आधी नागरिक आहे, मग रंग.

शब्दशः भाषांतराचा धोका मात्र बघा. 'वर्ण असलेले' याचा संस्कृत वळणाचा समास 'सवर्ण' होतो! मराठीत सवर्ण म्हणजे कोण हे सांगायला नको. अर्थ पार उलटा होतो. 'वर्ण'मध्ये रंग, अक्षर आणि चातुर्वर्ण्य असे तिन्ही अर्थ आहेत. 'कृष्णवर्णीय'मध्ये 'कृष्ण' पुढे असल्यामुळे घोटाळा होत नाही, पण नुसता 'वर्ण' मोकळा सोडू नये.

प्रतिसाद

मी 'गौरेतर' वापरतो. त्यात गोऱ्यांना मापदंड केल्यासारखं होतं, हा आक्षेप खरा आहे. पण सगळ्यांना कवेत घेणारा आणि कुणाला न दुखावणारा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. 'अश्वेत' हिंदीतला, मराठी कानाला परका. जुन्या मराठी पुस्तकांत 'निग्रो' आढळतो. अवतरणात तो तसाच ठेवावा, नव्याने लिहू नये.

ताई, शब्दापेक्षा मोठी अडचण तुमच्या '-ची' या प्रत्ययात आहे. 'कृष्णवर्णीयांची पुस्तकं' म्हणजे त्यांनी लिहिलेली की त्यांच्याविषयीची? मराठीत दोन्ही. आणि या विषयात नेमका तोच फरक मोलाचा आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. ही झाली 'विषयीची' मोजणी. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली लिहिणारे आणि चित्रं काढणारे मोजले. सुमारे २,५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची १८! 'द स्नोई डे' या चित्रपुस्तकातला बर्फात खेळणारा पीटर कृष्णवर्णीय आहे, पुस्तकाला चित्रांसाठी दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदकही १९६३ साली मिळालं, पण लेखक एझ्रा जॅक कीट्स गोरे होते. पुस्तक गोडच आहे, कप्प्यात जरूर ठेवा. फक्त '-नी लिहिलेली' या पाटीखाली नको.

प्रतिसाद

याच प्रत्ययावरून आपल्याकडे 'दलित साहित्य'विषयी वर्षानुवर्षं वाद झाले आहेत: दलितांनी लिहिलेलं, की दलितांविषयी कुणीही लिहिलेलं? त्या वादाची धार ज्यांनी पाहिलीय, त्यांना तुमच्या दोन पाट्या लगेच कळतील.

आणखी एक. न्यू जर्सीतला मराठी ब्राह्मण आणि मराठी दलित, दोघेही तिथे 'पीपल ऑफ कलर'. गावाकडचं अंतर त्या शब्दात दिसेनासं होतं. म्हणून छत्रीसारखा एक शब्द वर ठेवा, पण खाली प्रत्येक समाजाचं नाव लिहा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. तिचं इंग्रजी भाषांतर मिळतं, तेही कप्प्यात हवं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'प्रचार' काढून 'मुलांच्या हाती देऊ या' असं केलंय, प्रचार निवडणुकीचा वाटत होता. पत्रकाची पहिली ओळ आता अशी: 'गौरेतर लेखकांनी लिहिलेली आणि गौरेतर मुलामाणसांविषयीची पुस्तकं मुलांच्या हाती देऊ या.' खाली चारही समाजांची नावं. पाट्या दोन, 'यांनी लिहिलेली' आणि 'यांच्याविषयी'. दोन्हीत बसणारी पुस्तकं पहिल्या पाटीखाली. 'गुलामगिरी'ची प्रत मागवलीय.